व्हिसा वर्षाचा आहे, मग राहायचं किती दिवस?

सांगलीच्या एका ताईंचं पत्र आलंय, थोडक्यात देते:

"नमस्कार. आमची मुलगी आणि जावई म्युनिकला असतात. २०२४ ला आम्ही दोघं तीन आठवडे जाऊन आलो, तेव्हा तेवढ्याच दिवसांचा व्हिसा मिळाला होता. यावेळी मात्र १ डिसेंबर २०२५ ते ३० नोव्हेंबर २०२६ असा वर्षाचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळाला. २० डिसेंबरला गेलो आणि १८ जानेवारीला तिथून निघालो. आता मुलीची डिलिव्हरी १० जूनच्या आसपास आहे. २५ मेला जायचं आणि दिवाळीच्या आधी, २० ऑक्टोबरपर्यंत परत यायचं असं आमच्या मनात आहे. एजंट म्हणतो व्हिसा नोव्हेंबरपर्यंत आहे, बिनधास्त राहा. शेजारचे म्हणतात ९० दिवस झाले की दोन दिवस स्वित्झर्लंडला जाऊन या, परत ९० मिळतात. मुलगी म्हणते तुमचे ३० दिवस डिसेंबरात गेले, आता ६० च राहिले, आणि फोनवर रडते. माझ्या जाऊबाई तर अमेरिकेला सलग सहा महिने राहून आल्या, त्यांना काहीच झालं नाही. लंडनला भाचा आहे तोही बोलावतोय. तिथल्या ऑफिसात जाऊन मुदत वाढवून मिळते का? कोणाचं खरं धरायचं? आणि मला एकटीने विमानाने प्रवास करायची सवय नाही, ह्यांच्यासोबतच जाते."

ताई, सगळ्यात आधी मुलीला फोन करा आणि सांगा रडू नकोस, ६० नाही, पूर्ण ९० दिवस मिळतायत. तिचा हिशोब चुकलाय पण दिशा बरोबर आहे, बाकी एजंट आणि शेजारी दोघांचंही चूक आहे आणि त्यांचं ऐकलंत तर नुकसान तुमचं होणार, त्यांचं नाही. आता कसं ते सांगते, जरा वेळ काढून पासपोर्ट समोर घेऊन बसा कारण हे तोंडी समजत नाही.

व्हिसाचा जो स्टिकर आहे त्याच्यावर फ्रॉम आणि अन्टिल अशा दोन तारखा दिसतील, तुमच्या बाबतीत १ डिसेंबर आणि ३० नोव्हेंबर. एजंटने फक्त एवढंच वाचलंय. त्याच्या खालच्या ओळीत नंबर ऑफ एंट्रीज असं असेल, तिथे मल्ट लिहिलेलं असणार, म्हणजे आत-बाहेर कितीही वेळा करा. आणि त्याच ओळीत पुढे ड्युरेशन ऑफ स्टे, तिथे ९० डेज असेल. खरी मुदत ती आहे. आधीच्या दोन तारखा फक्त एवढंच सांगतात की या काळात तुम्ही दारातून आत जाऊ शकता आणि शेवटच्या तारखेच्या आत बाहेर पडलेलं असायला पाहिजे. किती दिवस राहायचं ते त्या ९० वर ठरतं. एसटीचा पास वर्षाचा काढला म्हणून कोणी वर्षभर गाडीतच बसून राहत नाही ना, तसंच आहे हे. आणि हो, पुढे कधी पाच वर्षांचा व्हिसा मिळाला तरी हा ९० चा नियम तसाच राहतो.

आता हे ९० दिवस कशातले? तर कुठल्याही १८० दिवसांतले. इथे लोक गडबडतात कारण त्यांना वाटतं जानेवारी ते जून एक सहामाही आणि जुलै ते डिसेंबर दुसरी, किंवा पहिल्यांदा गेलो त्या दिवसापासून १८० मोजायचे. तसं नाहीये. तुम्ही तिथे असताना रोज, अगदी रोज, त्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यात आपण किती दिवस शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात (जर्मनी त्यातच), होतो ते बघायचं, तो आकडा ९० च्या वर जाता कामा नये. म्हणजे ती १८० दिवसांची चौकट रोज एक दिवस पुढे सरकते, आणि सरकताना मागचा एक दिवस तिच्यातून बाहेर पडतो. ज्या दिवशी उतरलात तो दिवस पण धरायचा आणि ज्या दिवशी निघालात तो पण, विमान पहाटेचं असो की रात्रीचं.

तुमचं करून दाखवते. २० डिसेंबर ते १८ जानेवारी म्हणजे डिसेंबरचे १२ आणि जानेवारीचे १८, झाले ३०. इथपर्यंत मुलगी बरोबर. २५ मेला तुम्ही उतरलात की त्या दिवसापासून मागचे १८० दिवस २७ नोव्हेंबरपर्यंत जातात, म्हणजे तुमचे ते ३० दिवस अजून चौकटीत आहेत, म्हणून ती म्हणते ६० उरले. पण पुढे बघा काय होतं ते. १७ जूनला तुमचे या फेरीचे २४ दिवस झालेले असतील, जुने ३० धरून ५४. १८ जूनला चौकट सरकते आणि २० डिसेंबर तिच्यातून बाहेर पडतो. १९ जूनला २१ डिसेंबर बाहेर. असं रोज एक नवा दिवस आत येतो आणि एक जुना बाहेर जातो, त्यामुळे जवळपास महिनाभर तुमचा आकडा ५४ वरच थांबून राहतो, आणि १७ जुलैला डिसेंबर-जानेवारीचे सगळे दिवस संपलेले असतात. तिथून पुढे फक्त या फेरीचे दिवस मोजायचे. मेचे ७, जूनचे ३०, जुलैचे ३१, ऑगस्टचे २२, एकूण ९०. म्हणजे २५ मेला गेलात तर २२ ऑगस्ट हा तुमचा शेवटचा दिवस. २० ऑक्टोबर नाही.

हे जमलं कारण डिसेंबरची फेरी छोटी होती. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनी लगेच आपलं पण असंच होईल असं धरू नका. समजा ताई डिसेंबरपासून ७० दिवस राहिल्या असत्या तर १३ जूनलाच ९० भरले असते, म्हणजे डिलिव्हरी तारखेला झाली असती तर बाळ तीन दिवसांचं असताना आजीला निघावं लागलं असतं. म्हणून प्रत्येकाने आपापल्या तारखा घालूनच बघायचं. युरोपियन कमिशनच्या वेबसाइटवर शॉर्ट स्टे कॅल्क्युलेटर आहे, फुकट आहे, आधीच्या येण्याजाण्याच्या तारखा टाकायच्या आणि ठरवलेली फेरी टाकायची, ते सांगतं बसतंय की नाही. मुलीला सांगा त्याची प्रिंट काढून पाठव. ती प्रिंट काही कायदेशीर कागद नाही पण काउंटरवर कोणी म्हटलं की तुमचे तर ६० च राहिलेत, तर दाखवायला हातात काहीतरी असलेलं बरं, परक्या भाषेत उभ्याउभ्या गणित समजावण्यापेक्षा.

आता शेजाऱ्यांचं स्वित्झर्लंड. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही हे खरं, पण शेंगेनमध्ये आहे, नॉर्वे आणि आइसलँड पण तसेच. सध्या शेंगेनमध्ये २९ देश आहेत, क्रोएशिया २०२३ पासून आहे, आणि रोमानिया आणि बल्गेरिया तर १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले. या २९ देशांत कुठेही असलात तरी तुमचे दिवस एकाच खात्यात जमा होतात. झुरिचला गेलात, साल्झबर्गला गेलात, प्रागला गेलात, मोजणी चालूच. फिरायला जरूर जा, बाळ-बाळंतीण सांभाळून एखादा दिवस वेळ मिळाला तर नक्की जा, पण दिवस वाचतील म्हणून जाऊ नका.

आणि शेंगेनच्या बाहेर गेलं तरी मीटर शून्यावर येत नाही, फक्त थांबतो. इथे तुमचा लंडनचा भाचा येतो. ब्रिटन बाहेर आहे, तिथले दिवस या ९० मध्ये धरत नाहीत. समजा १ जुलैला म्युनिकहून लंडनला गेलात आणि १५ जुलैला परत आलात, तर १ आणि १५ हे दोन्ही दिवस शेंगेनमध्ये धरले जाणार, मधले १३ वाचणार, आणि तुमची शेवटची तारीख २२ ऑगस्टच्या जागी ४ सप्टेंबर होणार. चालतं हे, तुमचा व्हिसा मल्टिपल आहे म्हणून परत आत येता येतं, सिंगल एंट्रीवाल्यांनी असं केलं तर ते बाहेरच राहतील. पण लंडनसाठी ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो, त्याची वेगळी फी, वेगळे कागद, परत बोटांचे ठसे. माझं मत विचाराल तर या वर्षी लंडन नको. बाळ महिन्याचं झालेलं नसताना मुलीला सोडून दोन आठवडे जायचं, तेही १३ दिवस वाचवायला, यात कोणाचंच भलं नाही. भाच्याला सांगा पुढच्या वर्षी, किंवा त्यालाच म्युनिकला बोलवा.

जाऊबाईंचं बोलू. त्या खोटं सांगत नाहीयेत, पण अमेरिकेचा नियमच वेगळा आहे. तिथला बी१-बी२, म्हणजे भेटीला किंवा फिरायला जायचा व्हिसा आपल्याकडे बहुतेकांना दहा वर्षांचा मिळतो, पण प्रत्येक वेळी किती दिवस राहायचं ते तिथे उतरल्यावर इमिग्रेशनचा अधिकारी ठरवतो आणि ते आय-९४ नावाच्या नोंदीत जातं. बहुतेक वेळा सहा महिने देतात, पण देतीलच असं नाही, आणि पासपोर्ट त्याच्या आधी संपत असेल तर तेवढीच तारीख पडू शकते. तिकडे जाणाऱ्यांनी उतरल्यावर एक-दोन दिवसांत ऑनलाइन आपला आय-९४ उघडून बघायचाच, कारण व्हिसावर २०३५ दिसतंय म्हणून निवांत राहिलेले लोक आहेत. त्या तारखेनंतर १८० दिवसांहून जास्त राहून बाहेर पडलं की तीन वर्षं अमेरिकेत प्रवेश बंद, वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा वर्षं, आणि एक दिवस जरी जास्त राहिलात तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द धरला जातो. तर जाऊबाईंचा अनुभव अमेरिकेचा, तो जर्मनीला लावू नका, आणि तुमचा जर्मनीचा त्यांना सांगू नका, दोन्ही घरं गोंधळतील.

तिथल्या ऑफिसात मुदत वाढते का हे विचारलंय. वाढते, पण कशासाठी ते बघा. तुम्ही तिथे आजारी पडलात, हॉस्पिटलात आहात, डॉक्टरने लिहून दिलं की प्रवास करता येणार नाही, विमानंच बंद पडली, किंवा घरात खरंच तसंच गंभीर काही घडलं, तर मुदत संपायच्या आत मुलीच्या गावातल्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसात, आउसलेंडरबेहोर्डे म्हणतात त्याला, कागद घेऊन अर्ज करायचा असतो. नातवंडं आहेत, मुलीला मदत हवीय, हे कारण कितीही खरं असलं तरी त्यात बसत नाही, कारण ते तुम्हाला आधीपासून माहीत होतं. देव करो आणि गरज न पडो, पण मुलीला काही गुंतागुंत झाली तर हा रस्ता आहे हे डोक्यात ठेवा, तेव्हा डॉक्टरचं पत्र लगेच घ्यायचं, शेवटच्या दिवसाची वाट बघायची नाही.

न सांगता जास्त राहिलं तर काय होतं? माझ्या ओळखीतल्या एक काकू तीनच दिवस जास्त राहिल्या, त्यांनी पण व्हिसाची शेवटची तारीखच वाचली होती. परत येताना एअरपोर्टवर अधिकाऱ्याने पासपोर्टची पानं उलटून उलटून शिक्के बघितले, कागदावर पेनने आकडे मांडले, मग बाजूला घेतलं, एक जर्मन फॉर्म पुढे ठेवला आणि सही करायला सांगितली, सोबत कोणी नाही, भाषा येत नाही, विमान सुटायला थोडाच वेळ. पुढच्या वेळी व्हिसा नाकारला. ते शिक्के मोजणं पण आता जातंय, १२ ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस नावाची सिस्टिम टप्प्याटप्प्याने चालू झालीये, त्यात तुमचा फोटो आणि येण्याजाण्याच्या तारखा थेट कॉम्प्युटरवर जातात आणि दिवस मशीनच मोजतं. पूर्वी पुसट शिक्का, चुकून न मारलेला शिक्का यावर लोक निभावून न्यायचे, ते दिवस संपले. दंड, काही काळ प्रवेशबंदी, आणि पुढचे व्हिसे अवघड, हे सगळं एका तारखेपायी. तुमची मुलगी तिथे आहे ताई, तुम्हाला पुढची कितीतरी वर्षं जायचंय, नातवंडाचे वाढदिवस आहेत. तो रस्ता बंद होईल असं काही करू नका.

उलट नियमाने राहिलात तर पुढचं सोपं होतं. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्यांसाठी असा नियम आहे की तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले असतील तर पुढे दोन वर्षांचा मल्टिपल व्हिसा मिळू शकतो आणि त्याच्यानंतर पाच वर्षांचा, पासपोर्ट तेवढा चालू असेल तर. तुमचा २०२४ चा एक आणि हा एक, दोन झाले की. पण एक लक्षात ठेवा, नवीन व्हिसा आला म्हणजे ९० दिवस नव्याने मिळाले असं नाही, मोजणी माणसाची असते, स्टिकरची नाही. २२ ऑगस्टपर्यंत सलग ९० वापरलेत तर पुढचा पहिला मोकळा दिवस २१ नोव्हेंबरला मिळतो, मधे कुठलाही व्हिसा असला तरी.

आता मुख्य गोष्ट. तुम्हाला मुलीकडे मे ते ऑक्टोबर कोणीतरी असायला हवंय, आणि तुम्ही धरून बसलाय की दोघांनी सोबत जायचं आणि सोबत यायचं. पण दिवस प्रत्येकाचे वेगळे आहेत. तुमचे ९० आणि साहेबांचे ९०. सोबत गेलात तर दोघांचे एकाच वेळी संपणार आणि २३ ऑगस्टपासून मुलीकडे कोणी नाही. वेगवेगळे गेलात तर? तुम्ही २५ मे ते २२ ऑगस्ट, आणि साहेब २५ जुलै ते २२ ऑक्टोबर, मोजून बघा, जुलैचे ७, ऑगस्टचे ३१, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे २२, बरोबर ९०. त्यांचे डिसेंबरचे दिवस तोवर चौकटीतून गेलेले असणार. म्हणजे तुम्हाला हवे होते ते पाच महिने जवळपास तसेच्या तसे झाले, नियम न मोडता, आणि महिनाभर दोघंही सोबत.

एकटीने जायची भीती वाटते म्हणता, तर अजून एक मार्ग आहे. साहेब तुमच्यासोबत २५ मेला येतील, तुम्हाला पोचवतील, बाळ वेळेवर आलं तर बघतील, आणि १५ जूनला परत निघतील. त्यांचे २२ दिवस गेले. उरलेल्या ६८ दिवसांसाठी ते १६ ऑगस्टला परत येतील आणि २२ ऑक्टोबरपर्यंत राहतील. तिकीट एक जास्त लागेल, तो खर्च आहे खरा. आणि येताना तुम्ही एकट्याच असाल. पण येताना मुलगी-जावई आत सोडेपर्यंत सोबत असतात, थेट विमान घ्या, तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत मागून ठेवा, चालता येत असलं तरी मागता येते, ती माणसं इमिग्रेशनमधून नेऊन गेटपर्यंत सोडतात आणि मुंबईत बॅगा घेऊन बाहेर आणतात. कितीतरी आया अशा येतात-जातात, पहिल्या वेळेला धडधडतं, मग काही वाटत नाही. तुम्ही सप्टेंबरमध्ये घरी असाल, गणपती १४ सप्टेंबरला आहेत, घरचा गणपती असेल तर तोही सांभाळला जाईल.

पण हे सगळं ठरवायच्या आधी मुलीला विचारा की तुला नक्की कधी जास्त गरज आहे. जर्मनीत नोकरदार बाईला डिलिव्हरीच्या आधी सहा आठवडे सुट्टी असते, तिची इच्छा असेल तर तेव्हा कामही करता येतं, आणि नंतरचे आठ आठवडे सक्तीची सुट्टी असते, त्यानंतर आई आणि बाप दोघांनाही पालकत्वाची रजा घेता येते. नंतर सुईण घरी येऊन बाळ-बाळंतीण बघून जाते, इन्शुरन्समधून, बारा आठवड्यांपर्यंत. जावई नेमका जून-जुलैमध्ये रजा घेणार असेल आणि मुलगी सप्टेंबरात कामावर जाणार असेल तर खरी ओढाताण सप्टेंबरात आहे, मग तुमच्या तारखा उलट्या पण करता येतील. आपण आपल्याकडच्या सव्वा महिन्याच्या हिशोबाने चालतो, तिची सोय कदाचित वेगळी असेल. आईचं मन लवकर जा म्हणतं ते कळतं मला, पहिले काही आठवडे तुम्ही हव्यातच, फक्त सगळे ९० तिथेच खर्च करायचे का ते तिच्याशी बोलून ठरवा.

तारखा ठरल्या तरी तिकीट अगदी ९० व्या दिवसाचं काढू नका. दोन-चार दिवस हातात ठेवा, संप असतो, विमान रद्द होतं, ताप येतो. म्हणजे तुमचं १८ ऑगस्टच्या आसपासचं बघा, आणि तारीख बदलता येईल असं तिकीट घ्या, एजंट स्वस्त म्हणून न बदलणारं गळ्यात मारेल ते नको. फ्रँकफर्टला विमान बदलायचं असेल तर बाहेर पडल्याची नोंद म्युनिकला नाही, फ्रँकफर्टला होते. दुबई किंवा दोहाकडून येत असाल तर म्युनिकलाच होते.

इन्शुरन्स विसरू नका, डिसेंबरचा होता तो त्या फेरीपुरता होता. व्हिसा आहे म्हणून कोणी आता मागणार नाही असं वाटतं, पण प्रत्येक फेरीला किमान ३०,००० युरोचं कव्हर असायला हवं आणि बॉर्डरवर विचारू शकतात. साहेबांना बीपी-शुगर काही असेल तर पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांचं काय लिहिलंय ते वाचा, स्वस्त पॉलिसीत बऱ्याचदा तेच वगळलेलं असतं. औषधं तीन महिन्यांपर्यंतची नेता येतात, डॉक्टरची चिठ्ठी सोबत, औषधाचं मूळ नाव लिहिलेली. हातातल्या पिशवीत मुलीचं पत्र, तिचा पत्ता-फोन, तिच्या रेसिडन्स कार्डची झेरॉक्स आणि परतीचं तिकीट ठेवा. अधिकाऱ्याने विचारलं तर खरं तेच सांगायचं, मुलीची डिलिव्हरी आहे, तिच्याकडे राहणार, अमुक तारखेला परत जाणार, आणि तिकीट दाखवायचं. व्हिसा असला तरी आत सोडायचं की नाही ते बॉर्डरवर ठरतं, म्हणून तिकिटाची तारीख आणि तोंडची तारीख एकच असू दे. आणि साजूक तूप, पेढे बॅगेत भरू नका, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे, कस्टम्सवाले काढून टाकतात. डिंक, सुंठ न्या, लोणी-तूप तिथलं घ्या आणि लाडू मुलीच्या स्वयंपाकघरात वळा, ताजे होतील.

कोणी सांगेल की पालकांना तिकडे कायमचं नेता येतं. १ मार्च २०२४ नंतर पहिल्यांदा कुशल कामगार म्हणून परवाना मिळालेल्यांना आईवडिलांना बोलवायची एक सोय जर्मनीने केलीये, पण तुमचा सगळा खर्च आणि तिथला आरोग्य विमा त्यांनी दाखवावा लागतो आणि या वयात तो विमा मिळवणं हेच मोठं काम आहे. पाच महिन्यांसाठी त्या वाटेला जाऊ नका.

राहिल्या विहीणबाई. त्यांनाही नातवंडं बघायचं असेलच, आणि त्यांचे ९० दिवस अजून तसेच पडलेत. त्यांना ऑक्टोबरच्या शेवटी बोलावलं तर मुलीला जानेवारीपर्यंत घरात मोठं माणूस मिळतं, आणि साहेबांना शेवटच्या दिवसापर्यंत ताणायची गरज राहत नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, ९० युरो फी आहे, आणि उन्हाळ्याच्या आसपास अपॉइंटमेंटची मारामार असते, म्हणून जावयाला सांगा आईचा पासपोर्ट आत्ताच काढून बघ, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने तो चालू असायला पाहिजे आणि दोन कोरी पानं हवीत. खर्चाची हमी जावई देणार असेल तर त्याला म्युनिकच्या ऑफिसात जाऊन हमीपत्र करून घ्यावं लागेल, त्याची पण वेळ घ्यावी लागते, ते त्याने याच आठवड्यात लावून टाकलेलं बरं.